डाव्या दारावरचा देव

१

माझा पाय पत्र्यात गेला.

नारायणगावचा टोमॅटो बाजार, सकाळची गर्दी. भरलेला क्रेट खांद्यावर घेऊन मी आमच्या पिकअपच्या डाव्या पायरीवर चढायला गेले आन पायरीच मोडली. वाळका पापड मोडतो तशी. नडगी सोलून निघाली, क्रेट उपडा झाला, टोमॅटो चिखलात.

"अगं ये, लागलं का?" ताई ड्रायव्हरच्या बाजूनं पळत आली.

लागलं व्हतं, पण मी तिकडं बघितलंच न्हाई. मी पत्रा बघत व्हते. वरनं पांढराशुभ्र रंग, आन आतनं तांबडा भुसा. बोट लावलं तर भुसा गळायचा. गाडी मागच्या गुढीपाडव्याला शोरूममधनं आणलेली. मागच्या फळीवर रेडियमनं लिवलेलं ताईचं नाव, 'इंद्रायणी', अजून चकाकतंय. नवी गाडी अशी आतनं सडती व्हय?

शेजारी आदेशची पिकअप लागलेली. ती आमच्यापेक्षा लई जुनी. तो बोनेटवर बसून वडापाव खात व्हता.

"इंद्रे," तो म्हणला, "नवी आणली म्हणलीस ना? का भंगारवाल्याला पेढे देऊन आलीस?"

चार हमाल हसले. मी चिखलातला टोमॅटो उचलला आन नेम धरून त्याच्या शर्टावर मारला. ताईनं माझा हात धरला तोवर दुसरा पण सुटला व्हता.

मी हर्षाली. दहावीला शाळा सोडली, तवापासनं ताईच्या गाडीवर चढ-उतार करते. ताईला खोडदपासनं नारायणगावपातुर सगळे ओळखतात, कारण या रस्त्याला पिकअप चालवणारी बाई ती एकटीच. दादा, म्हणजे आमचे वडील, गेल्यावर चुलते म्हणले व्हते, पोरींची लग्नं लावून टाका. ताईनं लग्नाच्या ऐवजी गाडी आणली.

आन आता लोणीच्या नव्या भाजी सेंटरचं काम तिला लागणार व्हतं. रोजची फेरी, बारा महिने. अट एकच, गाडी धडधाकट पायजे. दिवाळीच्या तोंडावर त्यांचा माणूस गाडी तपासायला येणार. गाडी नापास झाली तर काम आदेशला, आन चुलते दारात हजर, की आता विका गाडी.

ताईनं गंजाचा भुसा ओंजळीत घेतला. रडली न्हाई. नुसती म्हणली, "हर्षे, ही गाडी आपण न्हाई मारली. कुणीतरी मारलीय."

"सापडू दे," मी म्हणलं. "त्याला मी सोडणार न्हाई."

२

शोरूम हायवेला हाय. सगळी काच. आत गेलं की थंडगार वारा, आन बाहेर आपली गाडी आणखीनच गरीब दिसती. ताईनं पिकअप कंपाऊंडच्या भिंतीला लावली, डावी बाजू भिंतीकडं. म्हणली, "लोकांना दिसायला नको."

तिथला सर्व्हिसचा सायब अमृत. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कार्ड. ताईनं सांगितलं, गंजाची वॉरंटी अजून चालू हाय, पत्रा बदलून द्या. तो बाहेर आला. भिंत आन गाडीच्या मधल्या फटीत उभ्या उभ्या डोकावला, दोन सेकंद. गुडघे वाकवले न्हाईत, मान पण न्हाई.

"खत वाहता ना तुम्ही?"

"कधी कधी. सगळेच वाहतात."

"मग झालं. खत, मीठ, चुना, यानं पत्रा खाल्ला तर ती मालकाची चूक. वॉरंटीत बसत नाही."

"सायब, वाकून बघा की जरा. गंज आतनं आलाय."

"मॅडम, रोज शंभर गाड्या बघतो मी." मग काचेआड बसलेल्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणला, "गाडी बाईमाणसाच्या हातात दिली की हे असं होतं. धुवायची कोणी, पुसायची कोणी? आम्ही तर कारखान्यातून आली तशी दिली होती."

काचेआड एकजण फिसकन हसला. ताईचे कान लाल झाले. माझ्या हाताशी एक कुंडी व्हती, छोटीच. मी उचलली पण व्हती. ताईनं माझं मनगट असं दाबलं की बोटं आपोआप सुटली.

तेवढ्यात संपतमामा आला. आईचा धाकटा भाऊ. राहतो पारगावला, साखर कारखान्याजवळ, आन नोकरी याच शोरूमात, नव्या गाड्या चालवत आणायच्या, पोचवायच्या. आमची पिकअप पण त्यानंच ठरवून दिलेली. दादांच्या माघारी आमच्या घरात जे काय ठरलं ते मामानं ठरवलं. तो आत्ताच फाटकातनं आत येत व्हता, हातात हेल्मेट.

"काय झालं गं पोरींनो?"

"मामा, गाडीला गंज लागलाय," ताई म्हणली. "सायब वॉरंटी न्हाई म्हणतात."

मामानं सायबाकडं बघितलं, सायबानं मोबाईलमध्ये.

"जाऊ दे इंद्रे," मामा हळूच म्हणला. "डावी पायरी आन दाराची खालची पट्टी, एवढंच ना? मी ओळखीत करून घेतो. सायबाशी वाकडं नको घेऊ. चला, चहा घ्या."

त्यानं आमाला टपरीवर नेलं, चहा पाजला, माझ्या नडगीला हळद लावायला सांगितली. चांगला माणूस. मला चहा गोड लागला न्हाई. मी काचेकडं बघत व्हते. मनात एकच व्हतं, या सायबाला एक दिवस असा वाकवीन, की या काचेआडच्या सगळ्यांनी बघितलं पायजे.

पण आधी कळायला पायजे व्हतं की गाडी मारली कुणी.

३

माझा पहिला संशय आदेशवर. लोणीचं काम गेलं तर त्यालाच मिळणार. आन त्याच्या पिकअपमधी कायम कोंबडखत.

मी गाडीखाली झोपून बघितलं. खाली पांढरी पूड चिकटलेली. मी ती कागदात घेतली आन बाजारात आदेशसमोर उघडली.

"हे काय हाय?"

"तुझा मेकअप असंल."

मी त्याची कॉलर धरली. तो माझ्याहून डोकंभर उंच, पण माणसं जमल्यावर त्याला पोरीशी मारामारी करता यीना.

"अगं सोड! चुना हाय तो. द्राक्षाच्या बागंत औषधाच्या टाक्या टाकून येता ना तुमी? मोरचूद-चुना सांडतो. माझ्या गाडीखाली पण हाय, जाऊन बघ."

मी वाकून त्याच्या गाडीखाली बघितलं. व्हती पूड. दोन्ही बाजूला. मग आमच्या गाडीखाली परत गेले. तिथं पण दोन्ही बाजूला, सारखीच. आन उजवी पायरी ठोकून बघितली, टणटण. टोमॅटोचा एक क्रेट काय, मी उड्या मारल्या तरी हलली न्हाई.

खत असो, चुना असो, चिखल असो, चाकानं उडायचं ते दोन्हीकडं उडणार. मग गंज एकाच बाजूला कसा?

"आन अजून एक सांगतो," आदेश कॉलर नीट करत म्हणला, "मला काय करायचंच असतं ना, तर मी उजवीकडं केलं असतं. रोज तुमच्या उजव्या बाजूला गाडी लावतो मी. डावीकडं तर हौशीराम अण्णाचा चहाचा गाडा असतो. त्याच्यासमोर वाकून मी तुमची पायरी कुरतडतोय, आन त्या म्हाताऱ्यानं बाजारभर बोंब मारली न्हाई? पटतं का तुला?"

न्हाई पटलं. अण्णाला कुणाच्या घरी कोणती भाजी झाली ते पण ठाऊक असतं.

मी वळले, तर आदेश मागनं म्हणला, "ये, तुझी ताई घरी हाय का बाजारात यायचीय? न्हाई, नुसतं विचारतो."

त्याचे पण कान लाल झाले व्हते. म्हटलं, आता हे एक नवीनच. पण गंजाशी त्याचा संबंध न्हाई, एवढं पक्कं झालं. ज्यानं गाडी मारली त्याचा हात फक्त डाव्या बाजूला पोचला व्हता. आन बाजारात अण्णासमोर, अंगणात आईसमोर डाव्या बाजूला कुणाचा हात पोचत नव्हता.

म्हणजे गाडी आमच्याकडं यायच्या आधीच कायतरी झालं व्हतं.

४

आमच्या अंगणातनं खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या डिशा दिसतात. मी पिकअप तिथं धुवायला घेतली, डाव्या बाजूनं, बोटांनी चाचपत. पायरी संपली तशी दाराच्या खालच्या पट्टीला माझं बोट अडलं. रंगाखाली बारीक फोड, रांगेनं. नखानं दाबला तर टचकन फुटला आन आतनं तांबडं पाणी आलं.

एक पापुद्रा निघाला. मी तो उन्हात धरला. वर पांढरा रंग. त्याखाली गुलाबीसर माती, वाळल्यासारखी. आन तिच्याखाली परत पांढरा.

नव्या गाडीला दोनदा रंग कशाला देतील?

पट्टी जिथं वाकून आत जाते तिथं चिमट्यानं खरवडलं. तिथनं एक लांब, वाळकं, खरखरीत पान निघालं. उसाचं पाचट. गंजानं पिवळं-तांबडं झालेलं, पण पाचटच. कडेची ती धार माझ्या बोटाला लागली पण.

आमी टोमॅटो वाहतो, काकडी, कांदा, कधी खत. ऊस कधीच न्हाई. ऊस ट्रॉलीनं जातो.

"आई," मी हाक मारली, "दारावर झेंडूची पाकळी हाय बघ, रंगात. काढू का?"

डाव्या दाराच्या मधोमध एक पाकळी व्हती, म्हणजे पाकळीचं वाळकं सालपट, रंगातच बसलेलं. धुतलं, घासलं तरी निघायचं न्हाई.

"खबरदार!" आई परातीसकट बाहेर आली. "पाडव्याला मी हार घातला तवाची हाय ती. देवानं फूल ठेवून घेतलं. फूल ठेवलं आन स्वतः बसायला तयार न्हाई, काय त्याचं मन ते कळंना."

ते एक निराळंच. आईनं जेजुरीवरनं खंडोबा आणला व्हता, मागं लोहचुंबक असलेला, लोखंडाला चिकटवायचा. तिला तो डाव्या दारावर पायजे व्हता, कारण माणसं त्या दारानं चढतात. पण देव लावला की घसरायचा, लावला की पडायचा. आई घाबरली, मामाला फोन केला. मामा म्हणला, "देवाला ती बाजू पटत न्हाई ताई. उजवीकडं लाव." उजवीकडं लावला, तो गच्च बसला. आईनं तळी भरली, भंडारा उधळला, डाव्या बाजूवरनं नारळ उतरवून टाकला. तवापासनं देव ताईच्या डोक्यावर, उजव्या दाराच्या पट्टीला.

मी हातातल्या पापुद्र्यातल्या मातीकडं बघितलं. मग गाडीत शिरले, खंडोबा काढला आन डाव्या दारावर लावला.

घसरला.

पुढच्या पत्र्यावर, दिव्याच्या वर लावला. चिकटला. मागं, फळीच्या डाव्या कोपऱ्यावर लावला. पडला. उजव्या दारावर चिकटला.

आई हात जोडायला लागली व्हती. मी तिचे हात खाली केले.

"आई, देवाचं काय बिघडलं न्हाई. चुंबक लोखंडाला चिकटतो, मातीला न्हाई. हे दार लोखंडाचं दिसतंय फक्त."

५

ती गुलाबी माती काय असती ते मला ठाऊक व्हतं. पत्रा चेपला की गॅरेजवाले लांबी भरतात, म्हणजे लेप लावून सपाट करतात, मग वरनं रंग. शोरूमच्या गाड्या रंगाला जुन्नरला शौकतचाचाकडं जातात, हे सगळ्या ड्रायव्हर लोकांना माहीत हाय.

मी एसटीनं एकटीच गेले. ताईला सांगितलं न्हाई.

चाचा एका कारचं बोनेट घासत व्हते. मी पापुद्रा त्यांच्यासमोर धरला.

"चाचा, हे काम कुणाचं?"

त्यांनी तो हातात पण घेतला न्हाई. घासायचा कागद खाली ठेवला, हात पुसले, परत पुसले.

"चाय पियेगी बेटा? जास्मिन, चाय रख."

"चहा नको. पिकअप, पांढरी, मागच्या पाडव्याच्या आधी. डावी बाजू. तुमीच केली."

"कोण म्हणतं?"

"तुमी आत्ता पापुद्र्याकडं बघितलं न्हाई, ते म्हणतं."

ते स्टुलावर बसले. जास्मिननं चहा आणून ठेवला, माझ्याकडं बघितलं, मग बापाकडं. "अब्बा, बोला ना. त्या बाजारात गाडी चालवतात त्या ताईंची गाडी हाय ती. मी तुमाला तवाच म्हणलं व्हतं."

"हां, केली," चाचा म्हणले. "सायबानं सांगितलं, गिऱ्हाइकाला सांगून, किंमत कमी करून देणार. मी म्हणलं, पत्रा बदलावा लागंल, आठवडा दे. ते म्हणले, पाडव्याला द्यायची, लांबी भर. घाईत भरली बेटा. आत काय अडकलंय ते पण नाही बघितलं. माझ्याच्यानं झोपवत नव्हतं..."

"मला तुमच्या झोपेचं काय करायचंय? ताई त्या पायरीवरनं पडली असती तर? गाडी कुणी ठोकली?"

"नाव नको विचारू."

"चाचा."

"जो घेऊन आला तो माझ्यासमोर रडत व्हता. रडणाऱ्याचं नाव मी सांगत नाही. सायबाचं विचार, चारचौघांत सांगतो. त्याचं नाही."

मी उठले. इतकी तापले व्हते की बाहेर पडताना दाराला लाथ मारली. लागलं मलाच.

मागनं चाचा आले, पायरीपर्यंत.

"एक सांगतो. पाडव्याच्या सकाळी गाडी इथनं गेली तेव्हा डाव्या दाराचा रंग ओला व्हता. मी त्याला बजावलं व्हतं, त्या दाराला कुणाला हात लावू देऊ नको, सगळ्यांना उजवीकडनं चढव."

मी तिथंच थांबले.

पाडव्याचा दिवस मला लख्ख आठवला. आई नऊवारी सावरत, गिअरच्या दांड्यावरनं पाय टाकत, ड्रायव्हरच्या दारानं आत सरकत व्हती, आन आमी हसत व्हतो. आन बाहेर उभा राहून एकजण सांगत व्हता, "मुहूर्ताची गाडी हाय ताई. उजव्या अंगानंच चढायचं. डावं दार आज उघडायचं न्हाई."

आईनं तरी हार घातलाच डाव्या दारावर. म्हणून ती पाकळी.

६

मी घरात कुणाला काय बोलले न्हाई. दसऱ्यापातुर तोंड शिवलं. ताईला वाटलं मी आजारी पडले.

दसऱ्याला सगळे गाडीची पूजा घरी करतात. मी म्हणलं, आपण शोरूमला करू, जिथनं आणली तिथंच. आईला ते लई आवडलं. तिनं भंडाऱ्याची डबी घेतली, नारळ घेतला. जुन्नरहून शौकतचाचा आले, आदेश बिनबोलावता आला. शर्ट नवा व्हता, टोमॅटोचा डाग नसलेला.

शोरूमला जत्रा. गाड्यांना रिबिनी, हार. डिलिव्हरी घ्यायला आलेली माणसं, पोरं, फोटो. संपतमामा नारळांची टोपली घेऊन उभा. यावेळी मी ताईला गाडी मधोमध लावायला लावली, डावी बाजू लोकांकडं.

अमृत सायब धावत आला. "मॅडम, आज नको. आज डिलिव्हऱ्या आहेत."

"भांडायला न्हाई आलो सायब," मी म्हणलं. मोठ्यानं, पण गोड. "दसरा हाय. तुमच्या हातनं आमच्या गाडीवर देव बसवायचा, एवढंच. आई, दे गं."

आईनं खंडोबा त्याच्या हातात दिला, कपाळाला भंडारा लावला. सगळी माणसं बघत व्हती. एका म्हाताऱ्यानं टोपी काढली. आता न्हाई म्हणायची सोय नव्हती.

"कुठं लावू?"

"डाव्या दारावर. माणसं चढतात तिथं."

त्यानं लावला. देव घसरला आन फरशीवर पडला.

"उचला की सायब. देव हाय."

तो वाकला. उचलला, परत लावला, परत पडला. परत वाकला. तिसऱ्यांदा त्यानं तळहातानं दाबून धरला, हात काढला, आन देव त्याच्या बुटावर पडला. बाया 'अगंबाई' म्हणल्या. तो वाकला तसं गळ्यातलं कार्ड फरशीवर घासलं. काचेआड आज कुणी हसत नव्हतं, मला तरी लई गार वाटलं.

"आता त्या नव्या गाडीवर लावा," मी म्हणलं.

त्यानं लावला न्हाई. मीच लावला. रिबीन बांधलेल्या नव्या पिकअपवर देव चटकन बसला. मग मी आमच्या दाराची पट्टी सगळ्यांसमोर चिमट्यानं सोलली. पांढरा रंग, गुलाबी लांबी, खाली परत पांढरा.

"ही आमाला नवी म्हणून दिली," मी म्हणलं. "ठोकलेली व्हती. लांबी भरून, रंग ओला असताना दिली. ही पाकळी बघा, पाडव्याच्या हाराची, रंगात रुतलेली. वाळलेल्या रंगात फूल रुतत न्हाई."

"काहीही बोलते ही पोरगी! कोण म्हणतं?"

"मी म्हणतो," शौकतचाचा पुढं आले. "काम माझं. सांगणारे तुम्ही."

अमृतचा चेहरा उतरला. मग त्यानं टोपलीकडं बोट केलं. "मी नाही ठोकली गाडी! विचारा, कुणी ठोकली विचारा!"

"ते मी विचारणारच व्हते," मी म्हणलं आन वळले. "मामा, टोपली खाली ठेव."

आईला वाटलं मी त्याला मदतीला बोलावते. ती हसली पण.

"मामा, त्या दिवशी आमची गाडी भिंतीला लागलेली, तू फाटकातनं आत येत व्हतास. ताई नुसतं म्हणली गंज लागलाय. तू म्हणलास, डावी पायरी आन दाराची खालची पट्टी. पायरी आमाला ठाऊक व्हती. पट्टीचं मला चार दिवसांनी कळलं, बोटानं चाचपल्यावर. तुला बघायच्या आधीच कसं कळलं?"

मामानं टोपली खाली ठेवली.

"आन हे पट्टीत व्हतं." मी पाचट वर धरलं. "हायवेनं येणाऱ्या गाडीत उसाचं पाचट कुठनं येणार? पारगावच्या रस्त्याला ट्रॉल्या असतात हंगामात. तू गाडी घेऊन आधी घरी गेलास. आन पाडव्याला उजव्या अंगानं चढा म्हणणारा पण तूच. मुहूर्त न्हाई, रंग ओला व्हता."

"हर्षे, गप," ताई म्हणली.

आई हळूहळू पुढं गेली. डबी उघडली, मामासमोर धरली. "संपत, भंडारा उचल आन सांग, पोरगी खोटं बोलती."

मामानं हात पुढं केला. डबीपर्यंत आला, आन मागं घेतला.

"पोराला नवी गाडी दाखवायला घरी वळलो व्हतो, ताई," तो म्हणला. "ट्रॉलीला मागं टाकायला गेलो. सगळी डावी बाजू घासत गेली. सायब म्हणले, नोकरी पायजे तर गिऱ्हाईक तू आण. वाकून न बघणारं आण."

"आन तुला भाचीच दिसली?" आईनं विचारलं.

"परक्यानं बघितलं असतं. दार उघडून, खाली वाकून बघितलं असतं." तो रडायला लागला. "मी ठरवली म्हणल्यावर तुमी बघणारच नव्हता."

आईनं डबीचं झाकण लावलं. त्याचा टक्कन आवाज आला.

मग तो टोपी काढलेला म्हातारा माझ्याजवळ आला. "पोरी, देव जरा दे गं. आमच्या गाडीला लावून बघतो." त्याच्यामागं दुसरा. मग तिसरा. बघता बघता खंडोबासाठी रांग लागली. माणसं प्रत्येक दार, प्रत्येक फळी, देव लावून बघायला लागली. एका बाईनं तर पेढे परत डब्यात भरले आन नवऱ्याला म्हणली, आधी बघा, मग फोटो.

ताई अमृतसमोर उभी राहिली. "नवी गाडी. दिवाळीच्या आत. न्हाईतर ग्राहक मंचात हीच गाडी आन हाच देव घेऊन येते."

"मॅडम, वर बोलावं लागेल..."

"बोला. आन नवी आली की तिचं डावं दार तुमी स्वतः उघडून द्यायचं. बाईमाणसाला."

७

दिवाळीच्या आत गाडी आली. नारायणगावच्या बाजारात, भर सकाळी, सगळ्यांसमोर डावं दार उघडून दिलं गेलं. दार अमृतनं उघडलं, ते त्याचं शोरूममधलं शेवटचं काम. आदेशनं टाळ्या वाजवल्या, ताईनं त्याच्याकडं बघून डोळे वटारले, तरी तो वाजवतच राहिला. लोणीच्या माणसानं गाडी तपासली, खाली वाकून, बॅटरी मारून. पास. ते काम आता ताईचं.

मामाची नोकरी पण गेली.

भाऊबीजेला तो आला. दरसाली येतो तसाच, मोटारसायकलवर, हँडलला साडीची पिशवी. फाटकातच थांबला. मी अंगणात व्हते. मला वाटलं व्हतं, तो आला तर त्याला हाकलून लावीन, दगड मारीन. दगड शोधला पण व्हता.

आई आतनं ताट घेऊन आली. निरांजन, कुंकू, सुपारी. पाट तिनं आधीच मांडला व्हता. पण अंगणात, नव्या पिकअपसमोर. मामा पाटाकडं बघत राहिला. आई त्याच्याकडं न बघता पुढं गेली, गाडीच्या डाव्या दाराला कुंकू लावलं आन गाडीला ओवाळायला लागली.

मी हातातला दगड टाकून दिला. डाव्या दारावरचा खंडोबा काढला, फाटकाशी गेले, आन मामाच्या मोटारसायकलच्या टाकीवर लावला.

गच्च बसला.

"गाडी तरी खरी हाय तुझी, मामा," मी म्हणलं.

मग देव काढून घेतला आन परत आमच्या दारावर लावला. मागं मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला. आईचं ओवाळणं चालूच व्हतं, ती थांबली न्हाई.